आधी ऐकावे, मग खोलावे

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पिकअप गाडी चालवतो. तासगाव भागातली द्राक्षे, भाजीपाला, कधी बेदाण्याची खोकी भरून तो आंबा घाटाने रत्नागिरीला उतरतो आणि येताना मिळेल ते भाडे घेऊन घाट चढतो. गाडी कर्जाची आहे. त्यामुळे गाडी एक दिवस जागेवर थांबली तरी घरात हप्त्याचा हिशेब सुरू होतो.

मागच्या पावसाळ्यानंतर या गाडीला थरथर सुटली. आधी आरसा थरथरू लागला, मग स्टिअरिंग, मग सीट. सिग्नलला गाडी उभी राहिली की डॅशबोर्डवरची चिल्लर वाजायची. क्लच सोडताना खालून 'धड्' असा आवाज यायचा. भाच्याने एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडले, मिनिटभर बघितले आणि निकाल देऊन टाकला. इंजिन उतरवावे लागेल, खोलल्यावर काय ते कळेल, चाळीस हजार धरून चला.

हे मला कळले ते बहिणीकडून. आपा संध्याकाळी घरी आली आणि सहज विचारावे तसे तिने विचारले, की ओळखीचा सराफ कोण आहे. तिच्या हातातल्या पाटल्या हातात नव्हत्या, रुमालात होत्या. त्या पाटल्या आमच्या अम्मीच्या. मी म्हणालो, "आपा, दो दिन ठैरो. गाडी मैं देखता हूँ."

आता तुम्ही म्हणाल, कविता लिहिणारा माणूस गाडी काय बघणार? भाचाही तेच म्हणाला. "मामू, तुमचं क्षेत्र वेगळं आहे. हे चाळीस हजारांचं काम आहे." त्याचे चुकले नाही. मी बी.ए. झालेला माणूस, मराठीत कविता लिहितो, चार ठिकाणी वाचतो. पण माझे वडील ट्रकचे मिस्त्री होते. शाळेच्या आणि कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या मी त्यांच्या हाताखाली काढल्या. माझे काम पाने देण्याचे आणि दिवा धरण्याचे. दिवा धरणाऱ्याला सगळे दिसते. अब्बांचे एक वाक्य मला अजून पाठ आहे. "पहले सुन, फिर खोल." आधी ऐक, मग खोल. खोलायला पाना लागतो, तो कोणाकडेही असतो. ऐकायला वेळ लागतो, तो कोणाकडे नसतो.

त्या गाडीचे काय झाले होते, हे आज तुम्हाला सांगायचे आहे. कारण अशी थरथर तुमच्या गाडीलाही केव्हा तरी सुटेल, आणि तेव्हा कोणी तरी तुम्हालाही इंजिन उतरवायला सांगेल.

गाडीचे इंजिन चासीवर लोखंडाला लोखंड लावून आवळलेले नसते. दोघांच्या मध्ये रबराच्या जाड गाद्या असतात. पुस्तकात त्यांना इंजिन माउंटिंग म्हणतात. आमच्याकडचे मिस्त्री त्यांना 'फाउंडेशन' म्हणतात, आणि मला हा शब्द जास्त आवडतो. एका बाजूला लोखंडी पट्टी, दुसऱ्या बाजूला लोखंडी पट्टी आणि मधे रबर. हे रबर पट्टीला नुसते चिकटवलेले नसते, साच्यात घालून उष्णतेने तिच्याशी एकजीव केलेले असते. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या पिकअपमध्ये बहुधा अशा तीन गाद्या असतात. दोन इंजिनाच्या दोन बाजूंना, आणि तिसरी मागे, गिअरबॉक्सच्या खाली, आडव्या बीमवर.

या गाद्यांना तीन कामे असतात. पहिले काम वजन पेलण्याचे. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून दोनशे किलोच्या वर वजन या तीन रबरांवर बसलेले असते. दुसरे काम थरथर पिऊन टाकण्याचे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांनी नुसते उभ्या गाडीत चालू असले, तरी त्यात दर फेरीला दोन, म्हणजे मिनिटाला सोळाशे स्फोट होतात. सेकंदाला सुमारे सत्तावीस. हे सत्तावीस ठोके तुमच्या पाठीपर्यंत पोचत नाहीत, ते या रबरामुळे.

तिसरे काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इंजिन गाडीला ओढते तेव्हा ते स्वतःही उलट्या बाजूला मुरडले जाते. विहिरीवरचा रहाट जोर लावून फिरवताना आपण पाय घट्ट रोवतो, नाही तर आपणच फिरू, तसे. बहुतेक गाड्यांचे इंजिन समोरून बघितले तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. त्यामुळे गाडी पुढे खेचताना इंजिन डाव्या, म्हणजे क्लीनर साइडने वर उचलले जाते आणि ड्रायव्हर साइडने खाली दबते. रिव्हर्स टाकला की याच्या उलट. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना आवळलेले असतात, म्हणून पहिल्या गिअरमध्ये ही मुरड साडेतीन-चार पटींनी वाढते. भरलेली गाडी घाटात पहिल्या गिअरवर उठते तेव्हा ती सगळी मुरड या रबरांनी धरून ठेवायची असते.

मोटारी निघाल्या तेव्हा ही सोय अशी नव्हती. चार सिलिंडरच्या गाड्या खडखडत, दात वाजवत चालायच्या. इंजिनाला रबरावर नीट तोलून बसवण्याची युक्ती अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३१ साली आपल्या प्लिमथ गाडीत आणली आणि तिला 'फ्लोटिंग पॉवर' असे नाव दिले. तरंगते इंजिन! पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने ती युक्ती परवाना घेऊन वापरली आणि गाडीवर पाण्यावर तरंगणाऱ्या हंसाचे चित्र लावले. आपली पिकअप हंस नव्हे, पण तत्त्व तेच.

मग हे रबर मरते कशाने? उष्णतेने ते कडक होते, वर्षांनी त्याला भेगा पडतात, ओझ्याने ते खाली बसते. पण त्याचा खरा वैरी तेल. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याने रबराला गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची किमया शोधली. त्यामुळे रबर उन्हाने वितळायचे आणि थंडीने तडकायचे थांबले. पण अशा रबरालाही इंजिन ऑइल आणि डिझेल सोसत नाही. तेलात भिजले की ते फुगते, मऊ पडते आणि लोखंडापासून सुटते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाच्याची गाडी घेऊन आम्ही एका मिस्त्री चाचांच्या शेडवर गेलो. चाचा अब्बांच्या हाताखाली तयार झाले, आता सत्तरी ओलांडली आहे. गंमत म्हणजे चाचांना आता नीट ऐकू येत नाही. ते मडगार्डवर तळहात ठेवून उभे राहतात. म्हणाले, "कान गेले, हात शिल्लक आहेत."

पहिली परीक्षा उभ्या गाडीवर. गाडी न्यूट्रलला चालू ठेवली. थरथर होती. मग हळूहळू रेस दिली. दीड हजार फेऱ्यांच्या आसपास थरथर बरीच कमी झाली. ही पहिली खूण. इंजिन संथ चालू असताना जास्त थरथर आणि रेस दिल्यावर कमी, असे असेल तर संशय फाउंडेशनवर जातो. मात्र रबर पार खाली बसून लोखंडाला लोखंड टेकलेले असेल तर गुणगुण सगळ्याच रेसला राहते. म्हणून या एका खुणेवर निकाल द्यायचा नाही.

दुसरी परीक्षा इंजिनाची स्वतःची. एखादे नोझल बिघडले, एक सिलिंडर नीट पेटत नसला, तरी इंजिन थरथरते. पण त्या थरथरीला ताल नसतो. तीन ठोके बरोबर आणि चौथा चुकलेला, असे ते चालते. बऱ्याचदा धूर येतो, ओढ कमी होते. भाच्याच्या गाडीचा ठोका सरळ होता, धूर नव्हता, आणि घाटात ओढ कमी झाल्याची त्याची तक्रार नव्हती. म्हणजे इंजिन आपले काम करत होते. इथे एक इशारा द्यायलाच हवा. जुने मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मेला ते बघायचे. आजच्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत हे चुकूनही करू नका. त्या पाइपात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. त्याची बारीक धारही कातडीत घुसते.

तिसरी परीक्षा रस्त्यावर. थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढते-घटते, की गाडीच्या वेगाबरोबर? सपाट, मोकळ्या रस्त्यावर साठाच्या वेगाला क्लच दाबला आणि इंजिन खाली आणले. थरथर तशीच राहिली असती तर ती टायरची, चाकाची किंवा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची ठरली असती. आमची थरथर तिथे शांत झाली. म्हणजे चाके निर्दोष सुटली. ही परीक्षा उतारावर किंवा घाटात करायची नाही, हे सांगणे न लगे.

क्लच सोडतानाचा 'धड्' आवाज उरला. तो शाफ्टचा क्रॉस झिजला तरी येतो. म्हणून इंजिन बंद करून, चाकांना ठोकळे लावून, शाफ्ट हाताने दोन्हीकडे मुरडून बघितला. क्रॉसमध्ये खुळखुळ नव्हती.

आता चौथी परीक्षा, आणि ही डोळ्यांनी बघायची. पुढे-मागे मोकळी जागा ठेवली, बॉनेट उघडले, हँडब्रेक ओढला. भाच्याने पायाने ब्रेक घट्ट दाबला आणि पहिला गिअर टाकून क्लच अगदी किंचित सोडला. गाडीने ओढ घेतल्यासारखे केले, की लगेच क्लच पुन्हा दाबायचा. नंतर हेच रिव्हर्समध्ये. या वेळी कोणीही गाडीच्या पुढे किंवा मागे उभे राहायचे नाही. बघणाऱ्याने बाजूला उभे राहायचे. इंजिन थोडे हलणारच, हलण्यासाठीच रबर दिले आहे. आमच्या गाडीत पहिला गिअर लागताच इंजिन क्लीनर साइडने उशीवरून डोके उचलावे तसे उठले आणि क्लच दाबताच 'धड्' करून खाली बसले. भाचा सीटवरून विचारत होता, "काय झालं?" मी त्याला खाली बोलावले, स्वतः सीटवर बसलो आणि म्हणालो, "आता तू बघ." त्याने बघितले आणि त्याच्या चेहऱ्यावरचा चाळीस हजारांचा ताण अर्धा उतरला.

उरलेला अर्धा गाडीखाली गेल्यावर उतरला. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, चाचांनी बॅटरी पाजळली. क्लीनर साइडच्या फाउंडेशनचे रबर वरच्या पट्टीपासून सुटले होते. पट्टी आणि रबर यांच्यात चाचांनी पत्र्याची पट्टी सरळ आरपार घातली. जिथे लोखंडाला लोखंड घासत होते तिथे गंजासारखी तांबूस पूड साठली होती. मागचे, गिअरबॉक्सचे रबर खाली बसले होते. ड्रायव्हर साइडचे अजून धरून होते, पण भेगाळलेले. खात्री म्हणून चाचांनी चासी आणि ब्रॅकेटच्या मध्ये पहार घालून हलके उचलून बघितले. धडधाकट फाउंडेशन अशा वेळी थोडे ताणते आणि परत येते. हे नुसतेच उघडले.

एवढ्यावर काम थांबले असते, पण चाचांनी बोट फिरवून मला दाखवले. फाटलेले रबर तेलाने चिकट झाले होते. तेल आले कुठून? वर बघत गेलो तर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेलाची एक बारीक ओळ निघाली होती आणि थेट त्या रबरावर उतरत होती. किती महिने, कोण जाणे. घाटातल्या मुरडीने रबर फाटले हे खरे, पण आधी तेलाने ते कुजवले होते. नुसते नवे फाउंडेशन घालून गाडी सोडली असती, तर तेच तेल नव्या रबरावर पडत राहिले असते. आमच्याकडे म्हण आहे, दुखणे म्हशीला आणि डाग पखालीला. इथे तर म्हशीचेही दुखणे नव्हते, गोठ्याचे छप्पर गळत होते.

आता बदलण्याचे काम. हे ज्याला येते त्यानेच करावे. पण गाडी ज्याची आहे त्याने शेजारी उभे राहून काय बघावे, ते सांगतो.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर हवी. चाकांना ठोकळे, हँडब्रेक आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. आदल्या संध्याकाळी सगळ्या गंजलेल्या नट-बोल्टांवर गंज सुटण्याचा स्प्रे मारून ठेवला, म्हणजे सकाळी आटे तुटत नाहीत. सगळ्यात आधी टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले आणि ती बाजू धुऊन कोरडी केली.

मग इंजिनाला खालून आधार. ऑइल चेंबर पातळ पत्र्याचे किंवा अॅल्युमिनियमचे असते. जॅकचे डोके थेट त्याला लावले तर ते चेपते किंवा तडकते. गाडीच्या पुस्तकात जी जागा दिली असेल तिथेच, मधे जाड, रुंद लाकडी फळी ठेवून, जॅक लावायचा. पंख्याभोवतीचे कव्हर आधी ढिले केले, कारण इंजिन वर येताच पंखा त्यात अडकतो. जॅक फक्त एवढाच उचलायचा, की फाउंडेशनवरचे ओझे निघावे. जास्त उचलले तर रेडिएटरचे पाइप, वायरिंग आणि सायलेन्सरचा पाइप ताणला जातो. एक जण सतत वरून बघत होता, तो मी. माझे काम अजूनही दिवा धरण्याचेच! आणि एक नियम कधीही मोडायचा नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ओझ्याखाली हात किंवा डोके घालायचे नाही. आधाराला स्टँड हवाच.

एका वेळी एकच बाजू सोडायची. दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर इंजिन सरकते आणि भोके जुळवता जुळवता संध्याकाळ होते. फाटलेले एकच बदलून पैसे वाचवावेत असे भाच्याच्या मनात होते. चाचा नको म्हणाले. नवे रबर ताठ असते, जुने दबलेले असते. एक नवे आणि दोन जुनी घातली तर इंजिन तिरके बसते आणि सगळा जोर नव्यावर येतो. म्हणून तिन्ही बदलली. डावे आणि उजवे पुष्कळदा वेगळे असते, काहींना जागा धरायला बारीक खुंटी असते, काहींवर उष्णता अडवणारा पत्रा असतो. जुने काढताना ते कसे बसले होते ते नीट बघून ठेवायचे आणि पत्रा असेल तर परत लावायचा. भाच्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवले. आमच्या वेळी हे सुख नव्हते.

नवे बोल्ट आधी हाताने फिरवून आटे धरवायचे. पाना नंतर. आणि सगळ्यात महत्त्वाचे, तिन्ही जागचे बोल्ट आधी नुसते टेकवून ठेवायचे. मग जॅक हळूहळू उतरवून इंजिनाला त्याच्या वजनाने रबरावर बसू द्यायचे, आणि त्यानंतर शेवटचे आवळायचे. अधांतरी असतानाच आवळले तर रबर पहिल्या दिवसापासून पीळ घेऊन बसते आणि तशाच पिळात लवकर फाटते. किती आवळायचे तेही पुस्तकात दिलेले असते. त्यासाठी टॉर्क पाना असतो. अंदाजाने, अंगातला जोर लावून आवळणे ही मर्दुमकी नव्हे.

शेवटी पंख्याभोवती बोट फिरवून सगळीकडे सारखी फट आहे का ते पाहिले. पाइप आणि वायरी कुठे घासत नाहीत ना, ते पाहिले. मग गाडी चालू करून पहिला गिअर, रिव्हर्स, तीच चौथी परीक्षा पुन्हा केली. इंजिन किंचित हलले आणि जागेवर आले. चाचांनी मडगार्डवर हात ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली.

या ठिकाणी एका जुगाडाबद्दल बोलले पाहिजे, कारण रस्त्यावर तो सर्रास सुचवला जातो. जुन्या टायरचा तुकडा कापून फाटलेल्या फाउंडेशनमध्ये कोंबतात. त्याने आवाज चार दिवस थांबतो. पण टायरचा तुकडा दोन्ही पट्ट्यांना धरून ठेवत नाही, तो नुसता मधे पडून असतो. गाडी घाटात मुरडली, की इंजिन पुन्हा उचललेच जाते. काही जण तर पट्ट्या वेल्डिंगने जोडून टाकतात. मग थरथर थेट चासीत जाते, ब्रॅकेट तडकतात, आणि ड्रायव्हरची पाठ बोलायला लागते.

हे सगळे केवळ आरामाचे असते तर एवढा वेळ मी तुमचा घेतला नसता. फाटलेल्या फाउंडेशनमुळे इंजिन उचलले जाते, तेव्हा त्याला जोडलेले सगळेच ओढले जाते. पंखा रेडिएटरला लागू शकतो, पाइप फाटू शकतो. ज्या जुन्या गाड्यांना रेससाठी तार किंवा दांडी असते, त्यांत ती ओढली जाऊन रेस अडकू शकते. अमेरिकेत १९७१ साली जनरल मोटर्सने १९६५ ते १९६९ या काळातल्या सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. फाउंडेशन तुटले, की इंजिन उचलले जाऊन रेस अडकण्याचा धोका होता. इंजिन उचलले जाऊ नये म्हणून त्या गाड्यांना एक तार बांधून देण्यात आली. नव्या गाड्यांत रेसची तार नसते, विजेची खूण जाते, तो धोका कमी झाला. पण आपल्याकडच्या रस्त्यांवर जुन्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि भरलेल्या गाडीची रेस घाटात अडकली तर पुढे काय, ते आंबा घाट पाहिलेल्याला सांगायला नको.

तिन्ही फाउंडेशने, पॅकिंग, थोडे तेल आणि चाचांची मजुरी मिळून खर्च पाच हजारांच्या आत आला. मजुरी चाचा घेत नव्हते, "तुझ्या अब्बांचं देणं आहे" म्हणाले. भाच्याने जबरदस्तीने खिशात घातली, ते बरे केले.

ज्या गॅरेजवाल्याने इंजिन उतरवायला सांगितले त्याला मी लबाड म्हणत नाही. त्याच्याकडे त्या दिवशी आणखी पाच गाड्या उभ्या असतील. घाईत माणूस मोठे नाव घेतो, कारण मोठ्या नावात सगळे दुखणे मावते. चूक आपलीही असते. आपण थरथर महिनोन्‌महिने सोसतो, आरशाला कागदाची घडी लावतो, चिल्लर दुसरीकडे ठेवतो आणि गाडी रेटतो. नंतर एकदम घाबरून जो जे सांगेल ते करायला तयार होतो. म्हणून आपण एवढे तरी टिपून न्यावे. थरथर उभ्या गाडीत आहे की पळत्या? रेस दिल्यावर वाढते की घटते? आवाज क्लच सोडताना येतो की खड्ड्यात? या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊन गॅरेजात गेलात, तर समोरचा माणूसही थांबून ऐकतो.

पुढच्या रविवारी भाचा द्राक्षे भरून रत्नागिरीला गेला. चाचांनी सांगितले होते, एक फेरी झाली की बोल्ट पुन्हा तपासून घे. परत आल्यावर तो गाडी घेऊन थेट शेडवर गेला, घरी नंतर आला. मी आपाकडे बसलो होतो. दारात गाडी उभी राहिली, तरी आपा चहा ओततच राहिली. तिला ऐकूच आले नव्हते. एरवी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की ताटाळ्यातली ताटे वाजायची.

चहाचा कप माझ्यापुढे ठेवला तेव्हा पाटल्या तिच्या हातात होत्या.